काळा पडलेला लाल

मी एक जुनी मुनिया आहे. मुठीत मावेन एवढी, अंगाने तपकिरी, शेपटीच्या मुळाशी तेवढा लाल शिंतोडा. आमच्या जातीत नराला लाल म्हणतात, कारण पावसाळ्यात तो डोक्यापासून पोटापर्यंत लालभडक होतो आणि त्यावर पांढरे ठिपके उठतात, जणू कुणी खसखस पेरली. मादीला नुसतं मुनिया म्हणतात. माझ्याकडे बघायला आजवर कुणी आलं नाही. मित्रांनो, त्याचं मला दुःख आहे असं समजू नका. मला कुणी बघत नव्हतं म्हणूनच मी नऊ पावसाळे जगले. ज्याला सगळे बघत होते, त्याची गोष्ट मी सांगणार आहे.

मी लखनौची. गोमतीकाठच्या उंच गवतात माझा जन्म झाला. तिथूनच छुट्टन नावाच्या पाखरं धरणाऱ्याने मला आणि माझ्या लालाला एकाच जाळ्यात पकडलं आणि चौकामागच्या गल्लीत सुगरा बेगमच्या घरी आणून दिलं. भाद्रपद होता. लाल पुरता रंगात होता. बेगमने पिंजरा डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाली, "हा याकूत आहे, याकूत!" याकूत म्हणजे माणिक. माझं नाव तिने ठेवलं नाही. ते तिच्या सात वर्षांच्या नातीने, जब्बोने ठेवलं. भुरी.

घरात तिघीच. बेगम, तिची सून तलत आणि जब्बो. मुलगा नोकरीला झाशीला होता. घरात शब्द चालायचा तो बेगमचाच. बाई ताठ. बसायची ताठ, चालायची ताठ, आणि आपलं चुकलं असं तिने कधी म्हटलेलं गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं. मला तिचा राग यायचा, आणि ती कळायचीही. ताठा माझ्यातही कमी नाही.

तो हिवाळा बरा गेला. दालनाच्या खुंटीवर आमचा पिंजरा असायचा, सकाळचं ऊन यायचं, याकूत गायचा. शेजारपाजारचे लोक त्याला बघायला यायचे. बेगम सगळ्यांना पान द्यायची आणि मधे मधे मान वळवून पिंजऱ्याकडे बघायची.

मग फाल्गुन आला आणि कुरीज सुरू झाली.

कुरीज म्हणजे आमचं पिसं टाकणं. पाखराचं पीस तुमच्या केसासारखं रोज वाढत नाही. एकदा उगवलं की ते तसंच राहतं. जुनं झालं की कुरिजेत गळतं, त्याच्या जागी रक्ताने भरलेली बारीक नळी येते आणि तिच्यातून नवं पीस उलगडतं. ती नळी भरत असताना पोटात काय पडलं, अंगावर ऊन पडलं की नाही, ते सगळं त्या पिसात उतरतं. मग पुढच्या कुरिजेपर्यंत ते पुसता येत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

वीस-पंचवीस दिवसांत याकूतची लाल पिसं पिंजऱ्याच्या तळाशी पडली आणि तो माझ्यासारखा तपकिरी झाला. आमच्यात दरसाल असंच होतं. नवरा-बायको एकसारखे दिसायला लागलो, मला गंमत वाटत होती. बेगमला वाटली नाही. तिने छुट्टनला बोलावणं पाठवलं. तो आला तेव्हा अंगणात शेजारची बतूल आपा सुपारी कातरत बसली होती.

"काय रे छुट्टन, माझे केस काय उन्हाने पांढरे झालेत?"

"का बेगमसाहेबा, काय झालं?"

"रंगवलेलं पाखरू माझ्या गळ्यात मारलंस. बघ, सगळा रंग उतरला. दिलंस तेव्हा माणिक होतं, आता चिमणी झाली."

"रंगवलेलं? अहो, अल्लाची शपथ..."

"शपथा घेऊ नकोस. आत्ता दाखवते तुला." बेगमने ओलं फडकं तयारच ठेवलं होतं. तिने याकूतला मुठीत धरलं आणि त्याच्या पोटावर ते चोळलं. फडकं पांढरंच्या पांढरं. तिने पाठ चोळली, मान चोळली. रंगाचा ठिपकासुद्धा नाही.

"चोळा सुगरा, आणखी चोळा," बतूल आपा म्हणाली. "साबण आणू का घरून?"

छुट्टनला हसू आवरेना. खांबाला धरून तो हसला. "बेगमसाहेबा, कुरीज आहे ही! लाल वर्षातून दोनदा कपडे बदलतो. आता साधे घातलेत, आषाढ लागला की पुन्हा नवरदेव! तीस वर्षं पाखरं धरतोय, पण लालाला आंघोळ घालून रंग शोधणारं गिऱ्हाईक आजच बघितलं."

मग हसू पुसून तो सरळ सांगायला लागला. "आषाढातल्या कुरिजेत तेवढं सांभाळा. नुसते राळ्याचे कोरडे दाणे टाकू नका. गवताची ओली कणसं द्या, मुंग्यांची अंडी मी आणून देत जाईन. आणि सकाळचं ऊन चुकवू नका. लालाचा रंग उन्हातून येतो."

"आता तू मला शिकवणार?" बेगम म्हणाली. तिचा चेहरा मी पिंजऱ्यातून बघितला. रंग चढला होता तो तिच्या गालांवर.

दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं. सुगरा बेगमने लालाला धुतलं, वाळत घातलं, इस्त्री केली. बतूल आपाने गोष्ट दारोदार पोचवली होती आणि प्रत्येक दारी ती थोडी वाढत होती.

बेगम घराबाहेर पडली नाही. तिने लाल जाड कापड काढलं आणि पिंजऱ्याला गवसणी शिवली. "आषाढापर्यंत कुणी याला बघायचं नाही," ती म्हणाली. "लोकांची नजर लागते. आणि लाल कापडाखाली लालच उगवेल, दुसरं काय उगवणार?"

तलत हळूच म्हणाली, "अम्मीजान, तो उन्हाचं म्हणत होता..."

"दुल्हन, तुझ्या माहेरी कोंबड्या होत्या. लालाचं तुला काय कळतं?"

गवसणी चढली. मित्रांनो, मिटलेल्या मुठीत असतो तसा अंधार आत झाला. खालून एक हात यायचा, राळे टाकायचा, पाण्याची वाटी भरायचा आणि जायचा. छुट्टन दोनदा मुंग्यांची अंडी घेऊन आला. दारातूनच बेगमचा आवाज ऐकू आला, "त्या हसऱ्या तोंडाला सांग, इथे उभं राहू नकोस." पुढे तो आला नाही. याकूत आधी रोज गायचा, मग दिवसाआड, मग गायचा बंद झाला. मीच अधूनमधून चिवचिव करायची, तो आहे की नाही ते कळावं म्हणून.

आषाढ लागला. पण पुरता लाल झाल्याशिवाय गवसणी काढायची नाही, असं बेगमने ठरवलं होतं. याकूतच्या छातीवर नळ्या फुटल्या. आम्ही एकमेकांची पिसं चोचीने साफ करतो, तशी मी करत होते. पहिली नळी उलगडली आणि मला ते पीस काळं दिसलं. मी स्वतःला सांगितलं, या उजेडात लाल काय आणि काळं काय, सारखंच दिसणार. दुसरी उलगडली. मग मी मोजणं सोडून दिलं.

भाद्रपदात जब्बोला ताप आला. मुदतीचा ताप. तिची खाट दालनात आमच्या खालीच घातली. डॉक्टर येऊन गेला, हकीम येऊन गेला, दंडाला ताईत बांधला. मी कापडाआडून तिचं कण्हणं ऐकायची. बेगम नमाजाच्या चटईवरून उठत नव्हती. पोरीवर तिचा जीव होता, खोटं का सांगू.

एकविसाव्या दिवशी पिंजऱ्याला वास यायला लागला म्हणून तलतने गवसणी काढली. उजेड डोळ्यांत सुईसारखा घुसला. आणि नेमकी त्याच वेळी जब्बोला दरदरून घाम फुटला. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "अम्मी, भूक लागली."

बेगम धावत आली. तिने नातीच्या कपाळाला हात लावला. मग तिची नजर वर गेली. याकूतच्या चोचीखालून पोटापर्यंत छाती कोळशासारखी काळी झाली होती.

मग तिने दोन्ही हातांनी पिंजरा धरला आणि त्याच्या काड्यांवर ओठ टेकले. "बला! दुल्हन, बघ! पोरीवर आलेली बला याने आपल्या अंगावर घेतली!"

पाळलेलं पाखरू घरच्या माणसावर आलेलं संकट स्वतःवर घेतं, असं आमच्या गल्लीत सगळेच मानतात. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मी ओरडले. ऊन द्या, गवत द्या, तो आजारी आहे, असं ओरडले. तुमच्या कानाला ते चीं चीं. अहो, माझीही पाठ काळवंडली होती! मी कुणाची बला घेतली होती? पण तपकिरीवरचं काळं कोण बघतो?

त्याच संध्याकाळी गवसणी परत चढली, आता अस्तर लावून. बेगमने नियम केला. याकूतला उजेडात आणायचं नाही. ऊन लागलं तर बला सैल होईल, उडेल आणि पोरीवर परत बसेल.

लोक पुन्हा यायला लागले. हसणारे तेच लोक, आता चपला दाराबाहेर काढून. बेगम गवसणीचा कोपरा बोटभर उचलायची आणि हलक्या आवाजात सांगायची, "चोचीपर्यंत आली. अजून निघतेय पोरीच्या अंगातून." बतूल आपासुद्धा पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. बेगम तिच्याकडे बघून म्हणाली, "साबण आणलास का ग?" बतूल आपाने मान खाली घातली. त्या दिवशी बेगम पुन्हा ताठ चालली.

जब्बो हिंडूफिरू लागली, जेवू लागली. पण आमच्या पिंजऱ्याखालून जाईना. भिंतीला धरून लांबून जायची. एकदा तिने आईला विचारलेलं मी ऐकलं, "अम्मी, माझा ताप त्याच्यात आहे?"

"नाही ग. पाखरू आहे ते."

"आहे," बेगम आतून म्हणाली. "त्याच्यातच आहे. आणि त्याचे उपकार विसरायचे नाहीत, कळलं?"

मार्गशीर्षात बेगम दोन दिवस नात्यातल्या लग्नाला गेली, तेव्हा तलतने छुट्टनला चोरून बोलावलं. त्याने गवसणी वर केली आणि या खेपेला तो हसला नाही. याकूतला हातावर घेऊन त्याने पिसांवर फुंकर मारली, खालची कातडी बघितली.

"दुल्हनबी, बला वगैरे काही नाही. अंधाराने पडलाय हा काळा. अंधार आणि नुसते राळे. कोपऱ्यात टाकलेले लाल असे होतात."

"आता काही करता येईल?"

"आता नाही. उगवलेलं पीस उगवलं. पण फाल्गुनात कुरीज येईल. त्याआधी याला ऊन द्या, हिरवं द्या, पोटात काही ओलं पडू द्या, तर हा निभावेल."

"आणि नाही दिलं तर?"

"नळी भरायला अंगात रक्त लागतं," छुट्टन म्हणाला. "ते याच्यात आहे कुठे? या कुरिजेत हा जाईल."

बेगम परत आल्यावर तलतने सगळं तिला सांगितलं. छुट्टनचं नाव न लपवता सांगितलं, याचं मला कौतुक वाटलं. बेगम ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "समजा काढला उन्हात, आणि उद्या पोरीला ताप भरला. मग?"

तलतने लेकीकडे बघितलं. जब्बो समोर बसून डाळिंब खात होती. तिच्या गालांवर नुकतं कुठे मांस धरलं होतं. त्यानंतर तलत त्या विषयावर बोलली नाही. मी तिला दोष देत नाही. आई होती ती.

मग मीच कामाला लागले. गवसणीला एका बाजूला शिवण होती. मी रोज तिचा एक एक टाका चोचीने उसवला. फाल्गुनाच्या आधी आठवडाभर तिथून मसुरीच्या डाळीएवढं ऊन आत यायला लागलं. मी याकूतला ढकलत तिथे नेलं. तो छातीवर तो ठिपका घेऊन बसायचा. ठिपका सरकला की तोही काडीवरून सरकायचा. सहा दिवस त्याला असं ऊन मिळालं. तिसऱ्या दिवशी त्याने पंख झटकले. पाचव्या दिवशी घशातल्या घशात काहीतरी म्हणाला.

सातव्या दिवशी बेगमला भोक दिसलं. "उंदीर लागला वाटतं," ती म्हणाली आणि सुईदोरा घेऊन आली. दुहेरी दोऱ्याने शिवलं तिने.

फाल्गुनात कुरीज आली. नेहमी या वेळी तो तपकिरी व्हायचा. या वेळी डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा झाला. नळ्या कोरड्या फुटल्या. पंखांची मोठी पिसं अर्ध्यात मोडली. तो काडीवरून उतरला आणि तळाशी बसायला लागला. मी त्याच्या अंगाला अंग लावून बसायची. त्याचं काळीज माझ्या कुशीला लागायचं, खूप जलद आणि खूप हलकं.

चैत्रात बेगमने जाहीर केलं, "बला पुरती उतरली. आता सदका करायचा." आमच्याकडे आजारातून उठलेल्या माणसाच्या डोक्यावरून पाखरू ओवाळून मोकळं सोडतात. पाखरू उडालं की त्याच्याबरोबर संकट कायमचं जातं.

सकाळी आमचा पिंजरा गच्चीवर नेला. बतूल आपा होती, तलत होती. पाखरू हाताळायला माणूस हवा म्हणून छुट्टनलाही बोलावलं होतं. गवसणी निघाली. छुट्टनने याकूतला बघितलं, एकदा तलतकडे बघितलं आणि तो म्हणाला, "बेगमसाहेबा, हा आज सोडू नका. याला उडता येणार नाही."

"तुला धरायला बोलावलंय, बोलायला नाही."

बेगमने याकूतला सात वेळा जब्बोच्या डोक्यावरून ओवाळलं आणि तिच्या ओंजळीत ठेवलं. "उडव, बेटा. जाऊ दे बला नदीपार."

याकूत ओंजळीत बसून राहिला. कितीतरी महिन्यांनी त्याच्या सगळ्या अंगावर ऊन पडलं होतं. त्याने एक पंख थोडा उचलला, आम्ही ऊन खाताना उचलतो तसा. त्यात पिसं कमी आणि काड्याच जास्त होत्या.

"दादी, याला पंखच नाहीत," जब्बो म्हणाली.

"उडव म्हणते ना!"

जब्बोने ओंजळ वर उचलली. तो पुढे झुकला आणि पडला. तिने दोन्ही हातांनी त्याला झेलला. त्याने चोच उघडली. आवाज आला नाही. मी पिंजऱ्यातून त्याला हाक मारली, आणि मग मान पडली त्याची.

"गेली!" बतूल आपा म्हणाली. "बला गेली हो! मुबारक सुगरा, पाखरू घेऊन गेलं!"

जब्बो हलली नाही. मिटल्या ओंजळीकडे बघत होती. चैत्राच्या उन्हात त्या पोरीचे दात वाजायला लागले.

"दादी, तो उडाला नाही. माझ्या हातात मेला. मग बला आता माझ्या हातात आहे ना?"

तलत पुढे झाली तशी पोर मागे सरकली, गच्चीच्या कठड्यापर्यंत. "अम्मी, जवळ येऊ नको. तुला लागेल. मी खाली नाही येणार आता. इथेच राहते."

"अगं, काही नाही होत बाळा..."

"तुला नाही माहीत. दादीला माहीत आहे. दादी, आहे ना?"

मी बेगमकडे बघत होते. तिने बतूल आपाकडे बघितलं, मग छुट्टनकडे. गल्लीत तिला हसलेली ही दोन तोंडं तिच्या समोर उभी होती. मग ती तापलेल्या फरशीवर खाली बसली. मी तिला जमिनीवर बसलेली कधी पाहिली नव्हती.

"बला नव्हतीच, जब्बो."

"होती. तू म्हणालीस."

"मी चुकीचं म्हणाले. त्याला ऊन मिळालं नाही म्हणून तो काळा पडला. लोक मला हसले म्हणून मी त्याला झाकला. मग झाकूनच ठेवला. तुझा ताप तुझ्या औषधाने गेला. याला मी मारलं. तुझ्या हातात काही नाही. फक्त पाखरू आहे."

जब्बोने तिच्यावर विश्वास ठेवला नाही. कसा ठेवणार? भाद्रपदापासून रोज तिने दुसरंच ऐकलं होतं.

"छुट्टन," बेगम म्हणाली, "सांग तिला."

"बेगमसाहेबा खरं सांगतायत, बिटिया. अंधाराने मेला तो."

"मोठ्याने सांग. बतूलला ऐकू गेलं पाहिजे. गल्लीला गेलं पाहिजे."

छुट्टनने मोठ्याने सांगितलं. बेगमने ते पुन्हा म्हणायला लावलं, आणि मग स्वतः म्हणाली, एकदा, दोनदा, पोरीचे दात वाजायचे थांबेपर्यंत. शेवटी जब्बोने ओंजळ उघडली आणि ते काळं पिसांचं बोचकं आजीच्या पदरात ठेवलं. बतूल आपा केव्हाच खाली निघून गेली होती.

मला विचाराल तर मी सुगरा बेगमला माफ केलेलं नाही. ती रोज सकाळी माझा पिंजरा स्वतःच्या हाताने कठड्यावर नेऊन ठेवते. छुट्टन मुंग्यांची अंडी आणतो, आता त्याला दारात कुणी अडवत नाही. पुढच्या आषाढाच्या कुरिजेत माझी पाठ स्वच्छ तपकिरी निघाली. जब्बोने ते ओळखलं. मी मात्र त्या कठड्यावर बसून अजून कुशीला ते हलकं काळीज शोधते.

मित्रांनो, खरं तर आम्हाला गवतातून आणूच नका. पण तुमच्या घरी पाखरू असेलच, तर त्याची पिसं गळायला लागली की नीट बघा. नवं पीस वेगळ्या रंगाचं आलं तर त्याचा अर्थ लावत बसू नका, लोकांना दाखवत बसू नका. वरचं कापड काढा, पिंजरा सकाळच्या उन्हात न्या. आणि पाखरांतलं कळणारं जे माणूस तुम्हाला कधी हसलं असेल, त्यालाच आधी बोलवा.